बाल्कनीतला कप

माझं शुद्धलेखन आणि अक्षर वाईट आहे, माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले.

गोत्री भागात ज्या गुजराती बेनकडे मी भांडी घासायची, त्यांच्याकडूनच मुलीच्या एम.ए.ची फी उसनी घेतली होती. मानववंशशास्त्र, म्हणजे लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास, असं ती सांगायची. त्या अभ्यासासाठी प्रश्न विचारायला ती त्यांच्याच घरी आली आणि बेनना म्हणाली, "आंटी, सगळे कप आईच घासते. मग तिचा कप बाल्कनीत वेगळा का?"

माझे हात नळाखाली तसेच राहिले. इतकी वर्षं तो कप मीच तिथे नेऊन ठेवत होते.

"यासाठी फी दिली का मी?" बेन म्हणाल्या.

"हो आंटी, यासाठीच."

काम त्याच दिवशी सुटलं. पुढे मुलीला नोकरी लागली. शेवटचा हप्ता द्यायला गेले तेव्हा बेननी चहा विचारला. मी नको म्हटलं. पैसे सगळे फिटले.