मागच्या दारातली बादली

माझं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. लग्न होऊन सायखेड्याजवळच्या मळ्यात आले तोवर द्राक्षबाग मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिली होती. घरात पहिल्यांदा जाणवला तो एक उग्र, घशात उतरणारा वास. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी चहूकडे हुंगून पाहिलं आणि आपल्याला कसलाच वास येत नाही म्हणून सांगितलं. वर्षभरात मलाही तो येईनासा झाला.

द्राक्षांवर फवारायच्या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. बाहेरच्या शेडमधून चोरीला जाईल या भीतीने औषधाचे डबे आमच्या पलंगाखाली असायचे. डबा रिकामा झाला की सासूबाई तो राखेने घासून घ्यायच्या आणि त्याला कामाला लावायच्या. एकात रॉकेल, एकात वाटाण्याचं बी, एक मोरीत पाणी घ्यायला. फवारणीसाठी चुना आणि मोरचूद कालवून आलेले आमचे हे निळ्या पडलेल्या बोटांनी चहाची बशी धरायचे. मी शिकलेली, शहरातली, पण मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांच्या घरी तसंच होतं.

मग मुलगी झाली. रांगायला लागल्यावर एकदा ती दिसेना म्हणून शोधलं, तर पलंगाखाली बसून एका डब्याचं झाकण चोखत होती. डबा रिकामा होता, घासलेला होता, तिला काही झालं नाही. पण मी ते झाकण तिच्या हातातून हिसकावून घेतलं. तिचं तोंड मी इतक्या वेळा धुतलं की तिला वाटलं मी खेळतेय, आणि ती हसायला लागली.

त्या दिवसापासून माझ्या अंगात आलं म्हणा ना. भरलेले डबे शेडमध्ये कुलपात गेले. रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कोणी घासायला नको. चांगले डबे वाया घालवते म्हणून सासूबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या, धान्यातली पावडर गेली, त्यांच्या जागी कडुलिंबाचा पाला आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत घरातल्या विषांबद्दल काही छापून आलं की मी ते कापून ठेवायची. आसपासच्या बायकांना मी वेडी वाटत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं.

सगळ्यात कडक नियम ह्यांच्यासाठी होता. फवारणीच्या कपड्यांनी घरात यायचं नाही. मागच्या दारात मी गरम पाण्याची बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवीन. तिथल्या दगडावर अंघोळ करायची, कपडे वेगळ्या दोरीवर टाकायचे आणि तोवर पोरीला हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाला शिवायचं बी नाय व्हय आता?" ह्यांनी मात्र एका शब्दाने वाद घातला नाही. उलट चार लोकांत कौतुकाने सांगायचे, आमच्या घरात साहेबीणबाई हाय, तपासणी झाल्याशिवाय आत घेत नाय.

ज्यांनी बाग केली आहे त्यांना ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दिवस सांगायला नकोत. कोवळी फूट असते, आभाळ भरून आलं की पानांवर बुरशी उतरते, कीड पडते, आणि एका रात्रीत बाग हातची जाते. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फवारणी. दुपारच्या जेवणासाठी अंघोळ करायची आणि लगेच पुन्हा भिजायचं, हे काही जमेना. म्हणून ताट मी मागच्या दगडावर ठेवू लागले. हे तिथेच उकिडवे बसून जेवायचे. पोरगी उंबऱ्याच्या आत उभी राहून लांबूनच गप्पा मारायची. पुढे फवारणी नसली तरी हे दुपारी तिथेच बसू लागले. आत या म्हटलं तर म्हणायचे, परत जायचंच हाय, कुठं आत येऊ. मी फार आग्रह केला नाही. फरशी स्वच्छ राहत होती.

पोरगी चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ओट्यावर भातुकली मांडून बसली होती. चूल होती, आई होती, आजी होती, बाळ होतं. बाबा म्हणून तिने एक काडी घेतली होती आणि ती ओट्याच्या खाली मातीत ठेवली होती. पानाचं ताट लांबून सरकवून ती काडीला म्हणाली, "शिवू नको हं." हे तेव्हा मागेच उभे होते. खो खो हसले. मीही हसले. पण रात्री ती काडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तरीही मी नियम बदलला नाही. पोरीच्या जिवाचं कारण मोठं होतं, त्याच्यापुढे बाकीचं सगळं मला लहान वाटत होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर सलग ढगाळ हवा पडली. एका दुपारी हे जेवायला आले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं, बादलीतलं पाणी निवलं, ते पुन्हा तापवलं. शेवटी वैतागून बागेकडे निघाले, दोन शब्द सुनवायचे म्हणून. हे पंपाच्या खोलीत जमिनीवर पडलेले होते. ओकारी झालेली, अंग घामाने थबथबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी रडत ओरडले, घरी का आला नाहीत, हाक तरी मारायची. त्यांची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी सांगितलं, "कपडे भरल्याले व्हते. पोरगी दारातच आसती. म्हणलं जरा बरं वाटलं की धुऊन येतो."

पोरीला शेजारणीकडे ठेवून शेजारच्या मळ्यातल्या जीपमधून त्यांना निफाडला नेलं. डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. फवारताना हातमोजे असतात का, तोंडाला काय बांधतात, एवढंच त्यांनी विचारलं. मला ते माहीतच नव्हतं. घरातला कोपरा न् कोपरा मी तपासला होता, पोरीचं एकेक बोट तपासलं होतं, आणि बादलीपलीकडे ह्यांचं काय होतं ते एकदाही बागेत जाऊन पाहिलं नव्हतं. ते विष घेऊन येतात एवढंच मी धरून बसले होते. आधी ते त्यांच्या अंगावर पडतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे मान वर करून बघवेना. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे हातमोजे आले, मास्क आला, मी जाऊन उभी राहायची तेव्हा तरी हे तो लावायचे. फवारण्या थोड्या कमी झाल्या. काही वर्षांनी निम्मी बाग काढून आम्ही भाजीपाला केला. हे सगळं सांगून स्वतःचं समाधान करता येतं, मीही करते. पण दवाखान्यातून घरी आल्याचा दिवस आठवला की ते समाधान टिकत नाही.

दवाखान्यात मी त्यांना अंघोळ घातली होती, नवा सदरा घातला होता. जीप पुढच्या दाराशी थांबली. मी पिशव्या उतरवून वळून बघते, तर हे नाहीत. भिंतीला हात लावत लावत ते घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेले होते आणि दगडाजवळ उभे होते. पोरगी आतून, आजीजवळून, धावत आली आणि सवयीने उंबऱ्यावर थांबली.

"बाबा, अंघोळ झाली?"

"झाली."

"मग शिवू?"

त्यांनी तिला हो म्हटलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं.