चुलत बहिणीची प्रयोगांची पेटी

ती पेटी माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. काकांनी ती मुंबईहून मागवली होती, त्यांच्या मुलीसाठी. काका अकोल्याला वकील. दसऱ्याला कोर्टाला सुटी लागली की ते बायको-मुलीला घेऊन मोटारीने वाशीमला आमच्याकडे येत. शेती दोघा भावांची एकत्र होती आणि ती माझे वडील पाहत. चुलत बहीण माझ्याच वयाची, दहा-अकराची. त्या वर्षी मोटारीतून उतरताना तिने बाकीचं सगळं सामान दुसऱ्यांच्या हाती दिलं, पेटी मात्र स्वतः छातीशी धरून आणली.

पेटीचं झाकण खोबणीतून सरकायचं. आत कप्पे होते. एकात घोड्याच्या नालाच्या आकाराचं लोहचुंबक, एकात भिंग, एकात तिकोनी काच. काचेच्या दोन नळ्या, तांब्याची तार, आणि आगपेटीहूनही लहान अशी लिटमस कागदाची दोन पुस्तकं, एक निळं आणि एक तांबडं. निळं पान फाडून लिंबाच्या रसात बुडवलं की तांबडं व्हायचं. तांबडं पान राखेच्या पाण्यात निळं व्हायचं. सगळ्या वस्तूंत मला हे कागदच आवडले.

लिंबू कोण तोडून आणायचं? मी. चुलीतली राख कोण कालवायचं? मी. नंतर वाट्या घासायचं कामही माझंच. बहीण पाटावर बसून पान बुडवायची.

"हात लावू नकोस, फुटेल," ती म्हणायची.

"कागद फुटते काय वो?"

"तुझे हात ओले असतात."

ओले असणारच. तिच्याच वाट्या धुतलेले हात होते ते.

मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. तिच्या झग्याचा नाही, बुटांचा तर मुळीच नाही, बूट तिला चावत होते हे मला दिसत होतं. पण पान धरणारी तिची दोन बोटं पाहिली की माझी नजर तिथून हलायची नाही. त्यात ती करायची चुकीचं. अख्खं पान बुडवायची, बोटं ओली करून घ्यायची आणि एकदा रंग पाहिला की पान टाकून द्यायची. मी असते तर एका पानाचे चार तुकडे केले असते आणि नुसतं टोक बुडवलं असतं. मला एवढंच हवं होतं की ती परत जायच्या आत एक पान माझ्या हाताने बुडवायला मिळावं.

आईला सांगून पाहिलं.

"पाव्हणी हाये ते," आई म्हणाली. "तिची वस्तू तिची."

"अन् लिंबू कोणाचं?"

"लिंबू झाडाचं. जाय, भाजी निवड."

मग थेट काकांना विचारलं. काका चांगल्या मनःस्थितीत होते. म्हणाले, "दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला मंडळी येतील, त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा आहे. त्या वेळी एक पान तुझं." बहिणीने बापाला दिसणार नाही असं तोंड वाकडं केलं.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडत. विळे, खुरपी, वखराची पास, तराजू, आईची विळी. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. वडील म्हणाले, "ज्याचं जे हत्यार हाये ते मांडा." काकांनी कायद्याची दोन जाड पुस्तकं आणि दौत ठेवली. बहिणीने मोठ्या ऐटीत पेटी मांडली, ती पुस्तकांच्याही पुढे. माझ्याकडे मांडायला काही नव्हतं. मी केरसुणी आणून ठेवली, तर आईने डोळे वटारले.

पूजा आईच करायची, आणि करायची ती जीव लावून. वरून हळदकुंकू शिंपडून मोकळं व्हायचं, हे तिला जमायचं नाही. तिने पेटीचं झाकण सरकवलं.

"मोठी आई, वरूनच लावा ना," बहीण म्हणाली.

"वरून लावलं तं आतल्या हत्याराईले कसं पोचन?"

चुंबकाला हळदकुंकू लागलं, भिंगाला लागलं, नळ्यांना लागलं. लिटमसची पुस्तकं तिने कपाळाला लावली. एवढीशी पोथी, म्हणून तिने पान उलटून पाहिलं; आत अक्षर नव्हतं, पण पोथी ती पोथी, म्हणून ओल्या बोटाने पानापानाला हळदकुंकू लावलं. वर फुलाने पाणी शिंपडलं. बहीण कुरकुरली, बाकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वही-पुस्तकाला कुंकू लावतातच.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली, बहिणीने पेटी उघडली आणि किंचाळली. दोन्ही पुस्तकांचे लगदे झाले होते. पानं एकमेकांना चिकटलेली, रंग ना निळा ना तांबडा.

"काहून रडून राह्यली वो?" आई धावत आली.

"तुम्ही सगळं नासवलं!"

"अवं, देवाचं कुंकू हाये ते. त्यानं काय नासते?"

काकूंनी पेटी आईपासून दूर सरकवली. ते आईला जास्त लागलं. काकांनी गावातल्या चार लोकांना प्रयोगाचं सांगून ठेवलं होतं, ते येरझारा घालू लागले. आणि माझं पान? त्याची आठवण कुणालाच नव्हती. सगळे तिचीच समजूत काढत होते.

आईने पूजेच्या पाटावरचं पांढरं फडकं माझ्याकडे फेकलं. "हे धुऊन टाक."

फडक्यावर हळदीचे डाग होते. साबण लावला तसे ते लालभडक झाले. धुणं धुणाऱ्या कुठल्याही पोरीला हे नवं नाही, मीही कितीदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी फडकं तसंच हातात धरून बसले, मग उठून लिंबू आणलं आणि डागावर पिळलं. डाग पिवळा झाला.

पुढचं काम अवघड नव्हतं. काकांकडून एक कोरा कागद मागून घेतला. हळद गरम पाण्यात कालवून दोन्ही बाजूंनी फासली, कागद चुलीमागे वाळवला आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. वडिलांच्या चुनाळूतला चुना वाटीत कालवला. कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून मंडळी आली, सतरंजीवर बसली. काका घसा खाकरून सांगू लागले की प्रयोग काही आता होणार नाही. तेवढ्यात मी दोन वाट्या घेऊन पुढे झाले. पट्टीचं नुसतं टोक चुन्याच्या पाण्यात बुडवलं. लाल. तेच टोक लिंबात बुडवलं. पिवळं.

वडिलांचे एक स्नेही होते, किराणा दुकानवाले, त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. ते म्हणाले, "वाह बेटी! जादू शिकून राह्यली काय?"

"जादू नाही चाचा, हळद हाये. तुमच्याच दुकानातली."

लोक हसले. काका उठलेच. त्यांनी पट्टी हातात घेऊन दिव्याजवळ धरली, पुन्हा बुडवून पाहिली. "अरे, हे तर घरचं लिटमस! किती पट्ट्या केल्यास? सगळ्या आण."

मी आणल्या. मला वाटलं, आता मला काहीतरी मिळणार. काकांनी पट्ट्या नीट जुळवल्या, काकूंकडून सुईदोरा घेऊन त्यांचं पुस्तक शिवलं आणि ते पेटीच्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं. "झाली पेटी पुन्हा पुरी," ते मुलीला म्हणाले. तिने डोळे पुसले.

"त्या माझ्या हायेत," मी म्हणाले.

"तुला काय, घरात हळद आहे. पुन्हा कर."

"अकोल्यात हळद भेटत नाही काय?"

आईने मागून चिमटा काढला. मी तरी थांबले नाही. "अशा फुकट नाही भेटणार. चुंबक द्या."

चाचा मांडीवर थाप मारून हसले. "वकीलसाब, तुमची गादी हेच पोरगी चालवीन!" काकाही हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याच गोष्टी बोलू लागले. बहिणीने पेटीचं झाकण सरकवून बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ती मंडळी पेटी घेऊन गेली.

मी पुन्हा पट्ट्या केल्या. भरपूर केल्या. पापडखारात बुडवल्या, चिंचेत, ताकात, सोड्यात बुडवल्या, कशाने काय होतं ते पाठ केलं. पण माझ्या पट्ट्या फडताळात डब्याखाली पडलेल्या असत, आणि तिच्याकडे त्यांच्यासाठी एक कप्पा होता.

आता आम्ही दोघीही पोराबाळांच्या झालो. लग्नाकार्यात भेटलो की ती चार बायकांना जमवून सांगते, "लहानपणी आम्ही दोघींनी हळदीचा कागद केला होता."

"मी केला होता," मी म्हणते. "तू रडत होतीस."

बायका हसतात, विषय बदलतात. ती पुढच्या लग्नात पुन्हा "आम्ही" म्हणते, आणि मी हातातलं काम टाकून तिथे जाते.