चार वाजताची नोंद

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात, विणकर सोसायट्यांना सूत वाटणाऱ्या एका कार्यालयात संगणकावर काम करत होतो. काम शिकवलं ते माझ्या वरिष्ठांनी. मी त्यांना भाऊ म्हणायचो. तेही माझ्यासारखेच हंगामी. कायम होण्याची त्यांची फाईल तेवढी वर गेली होती.

प्रोग्राममध्ये बदल केला की मी जुना मजकूर पुसून टाकायचो. भाऊ चिडायचे.

"जुनं काहून पुसून राहिला गा? उद्या बिघडलं तर कोणाले विचारशील, माह्या सासऱ्याले?"

मग त्यांनी नवीन सॉफ्टवेअर दाखवलं. फाईल त्यातून मागून घ्यायची, बदलायची, परत जमा करायची. जमा करताना ते कारण विचारायचं. नाव, तारीख, वेळ ते आपोआप टाकायचं. प्रत्येक जुनी प्रत आत शाबूत. कारणात मी रोमन अक्षरांत नुसतं 'दुरुस्ती' लिहायचो.

"चार दिवसांनी तुलेच समजणार नाही," भाऊ म्हणायचे.

खोलीत संगणकाचं टर्मिनल एकच होतं. एका दुपारी भाऊ ते आपल्या नावाने उघडं ठेवून चहाला गेले. त्यांचं नाव बंद करून माझ्या नावाने टर्मिनल पुन्हा उघडायचा मी कंटाळा केला. बदल केला, 'दुरुस्ती' लिहिलं, जमा केलं. त्या बदलाने उमरेडच्या सोसायट्या सूतवाटपाच्या यादीतून गळल्या. तिथले माग आठवडाभर सुताविना बंद राहिले.

जुनी प्रत दोन मिनिटांत परत आली. पण साहेबांनी नोंदी छापून मागवल्या. वेळ चारची, नाव भाऊंचं. भाऊंनी कारणातला शब्द वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरचा कागद सरळ करत होतो.

"टर्मिनल उघडं ठेवून गेलो होतो, साहेब."

"मग बसलं कोण होतं?"

भाऊ थांबले. माझ्यासाठीच थांबले असावेत.

"माह्याच नावावर हाय ते," शेवटी ते म्हणाले.

त्यांची फाईल नामंजूर होऊन आली. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं.

मग एक दिवस मी सॉफ्टवेअरमधून त्याच प्रोग्रामची फाईल मागून घेतली, काही बदलल्याशिवाय जमा होत नसे म्हणून एक रिकामी ओळ वाढवली आणि जमा केली. कारणात लिहिलं: उमरेड गळालं तो चार वाजताचा बदल माझा होता, भाऊंचा नव्हता. शेजारी माझं नाव आपोआप आलं. नोंदी कोणी मागितल्याशिवाय छापत नसत. पुढे कोणी मागितल्या नाहीत, आणि मीही छापून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या नाहीत.