साडेपाच इंच, अंगठा न सोडता

माईआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा दापोड्याच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी प्रिंटरला बिल्टीचे, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावतीचे, कागद लावत होतो. फोनवर तिची मुलगी प्रज्ञा होती. "दादा, आई गेली," म्हणाली आणि लगेच पुढं, "येताना पांढरं कापड घेऊन ये. तुला माप कळतं." हे ऐकून आत्या नक्की हसली असती. आमच्या घरात माप कळायचं ते तिला एकटीला. मला ते कळतं हा समज तिनंच पसरवला. त्यामागची खरी हकीकत आज दीड महिन्यानं सांगून टाकतो, कारण ती होती तोवर तिनं ती मला एकदाही पुरी करू दिली नाही.

आत्या वडप्याची. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात घडी खात्यात बावीस वर्षं उभी राहिली. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, मोजायचं, घडी घालायची. तिथला तिचा एक नेम होता. पट्टी संपते तिथं अंगठा आडवा ठेवायचा आणि खूण करायची ती अंगठ्याच्या पलीकडे. याला ती 'अंगठा सोडणं' म्हणे. कापड ओढलं की वाढतं, सोडलं की आखडतं. घेणाऱ्याला कमी पडता कामा नये. हा अंगठा पुढं तिच्या साऱ्या संसारात शिरला. अकलोलीच्या गरम कुंडावर आम्ही बारा जण गेलो तर भाकऱ्या पंधरा जणांच्या असायच्या. माझ्या लग्नात तिनं दिलेल्या शर्टाच्या कापडातून शर्ट होऊन वर दोन रुमाल निघाले, आणि त्या काळी मी काही बारीक नव्हतो.

नव्वद सालानंतर केव्हातरी आमच्या शेठनी ऑफिसात कॉम्प्युटर आणला. मी तिथं टाईपरायटरवर बिल्ट्या बडवणारा कारकून. मला पंधरा दिवसांच्या कोर्सला पाठवलं, आणि मी घरी असा वावरू लागलो की जणू ते यंत्र मीच शोधून काढलं. कोर्समध्ये मोठा पूर्ण कागद शिकवला होता. आमची बिल्टी मात्र बुटकी, छापील रकान्यांची, एकीला एक जोडलेली, दोन्ही कडांना भोकांची रांग. पहिल्या दिवशी एक बिल्टी छापली जायची आणि पुढची कोरीच निघून जायची. प्रोग्रॅममध्ये कागदाची लांबी भरायचा एक चौकोन होता, पण त्यात काय भरायचं ते कोर्सनं सांगितलं नव्हतं. शेठ सुरतेला निघता निघता म्हणाले, "सोमवार को आऊँगा. बिल्टी बराबर नहीं निकली तो मशीन वापस. टाईपरायटर तो मैंने बेच दिया. फिर तेरा क्या करूँ, तू ही बता." माझं पोरगं तेव्हा सात महिन्यांचं होतं.

ऑफिसातली फूटपट्टी पाठ खाजवून खाजवून टोकाला झिजलेली, तिच्यावर भरवसा नव्हता. म्हणून मी एक बिल्टी खिशात घालून सरळ आत्याकडं गेलो. तिनं चष्मा लावला, टेप लावला, कागदावरून बोट फिरवलं. "साडेपाच, वर एक सूत," ती म्हणाली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी चौकोनात पाच पॉइंट सहा भरले. पहिली बिल्टी उत्तम आली, दुसरीही चालण्यासारखी. मी चहा मागवला. चहा येईतो सहाव्या बिल्टीवर ड्रायव्हरचं नाव मालाच्या रकान्यात उतरलं होतं, आणि दहावीवर माल सहीच्या जागी जाऊन बसला होता. शनिवारची संध्याकाळ. मी आत्याला जाऊन सांगितलं की मशीनच बिघडलंय.

"मसीन कशाला बिगडंल? मी बगतं उद्या," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती टेम्पोत पुढं बसून ऑफिसाला लागून असलेल्या गोदामात हजर. कॉम्प्युटरकडं तिनं पाहिलंही नाही. छापलेल्या बिल्ट्यांची सगळी माळ हमालांकडून जमिनीवर लांबच लांब पसरून घेतली, पदर खोचला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत गेली, घडी खात्यात डाग शोधत चालायची तशी. मग मधेच उभी राहिली.

"समदीकडं सारखंच सरकतंय रं. मसीन इमानदार हाय. माप खोटं हाय."

"माप तर तूच दिलंस, आत्या."

ती स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिली. बावीस वर्षांत तिच्या मापाला कुणी बोट लावलं नव्हतं. भोवती चार-पाच हमाल उभे. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजी चूक हाय, पोराची न्हाय. मी अंगठा सोडला." मग मला म्हणाली, "कापड मानसाला द्यायचं असतं, ते जास्त गेल्यालं बरं. ह्यो कागद. वाढत न्हाय, आखडत न्हाय. भोकं मोज."

दोन भोकांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच. एका बिल्टीला भोकं अकरा. इतकं सोपं होतं, आणि प्रमाणपत्र माझ्याकडं होतं. मी साडेपाच भरले. चाळीस बिल्ट्या सलग निघाल्या, चाळिसावीवरही ड्रायव्हर आपल्या रकान्यात. सोमवारी शेठनी माळ उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "किसने सिखाया?" मी तोंड उघडायच्या आत आत्या, जी चुकून आल्यासारखी पुन्हा तिथं आली होती, म्हणाली, "उसनेच किया. उसको माप समजता है." तेव्हापासून मला माप समजतं.

त्या दिवशी तिनं औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा प्रिंटरवर लावला आणि प्रौढ वर्गात शिकलेल्या अक्षरात लिहिलं: 'साडेपाच. अंगठा न्हाय.' प्रिंटर पुढं दोनदा बदलला. पट्टी मी नखानं सोडवून नव्यावर चिकटवत आलो.

फोन ठेवला आणि मी कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं अडीच मीटर मोजले, कात्री उचलली. मी त्याचा हात धरला. पट्टी संपली होती तिथं माझा अंगठा आडवा ठेवला आणि म्हटलं, "इथून काप." त्यानं तिथूनच कापलं. कुलूप लावायला परत ऑफिसात आलो तेव्हा सकाळचा कागद प्रिंटरमध्ये तसाच अर्धवट होता. गरज नव्हती, तरी नीट बसवण्याआधी भोकं मोजली. अकरा.