चुन्याचं बोट लावलेले दगड

इस्लापूरकडच्या आमच्या गावात माळावर रानकांदा दोन जातींचा उगवतो. एक भाजीचा, दुसरा कडू, विषारी. पाऊस पडला की दोघांची पात सारखी, गड्डाही सारखा, भलेभले फसतात. फरक दिसतो तो फक्त उन्हाळ्यात. कडव्याला पान फुटायच्या आधीच नुसता फुलाचा दांडा येतो. म्हणून माझी माय भर वैशाखात माळ हिंडायची, दांडा दिसेल तिथं एक दगड ठेवायची आणि त्याला चुन्याचं बोट लावायची. आषाढात कांदेनवमीला दगड सोडून बाकीचं खणायचं. जन्मभर तिनं आम्हाला असंच खाऊ घातलं, कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

गेल्या साली मात्र ती भाजी खाऊन घरदार ओकायला लागलं. धाकट्या भावाच्या लेकीला तर नांदेडला नेऊन सलाईन लावावं लागलं. पोरगी वाचली, देवाची कृपा. पण भावानं डॉक्टरला सांगितलं की म्हातारीचे डोळे गेलेत, तिला आता काही उमगत नाही. झालं, गावभर तेच.

मी लातूरहून धावत गेले. दारात नवा ओटा बांधलेला. टेकायला गेले तर दगडावर चुन्याचं बोट. शेजारच्यावरही तेच. माझं डोकंच फिरलं. माळाच्या एका कडेचे दगड या शहाण्यानं फुकटचे म्हणून उचलून आणले होते. बाकीचे जागेवरच होते, म्हणून मायला वाटलं, ही कड चांगली आहे. त्याला विचारलं तर खाली बघत म्हणाला, "अक्का, झालं ते झालं. बायकोला कळू देऊ नको."

तरातरा मायकडं गेले, तर तिला आधीच माहीत. ओटा रोज तिच्या डोळ्यांपुढंच होता की.

"गप बस," ती म्हणाली. "त्याला बायको-लेकरांत ऱ्हायचंय. मी किती दिसाची?"

यंदा कांदेनवमीला बाजारातले कांदे आले. भजी भावजयीनं तळली, मायला चुलीजवळ येऊ दिलं नाही. जेवताना मायनं आपल्या ताटातलं एक भजं नातीपुढं धरलं, तर भाऊ माझ्यादेखत लेकीला म्हणाला, "आजीच्या हातचं खायचं न्हाई."

मेल्याची जीभ कशी झडली नाही! सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मायनं हात मागं घेतला आणि पोरीला म्हणाली, "बाप सांगतोय ना, ऐक बाई."