भावजींचा हिरवा झेंडा

माझे धाकटे दीर उलटे चालायचे, आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळायचा.

वर्षातून एकदा जुने वाफेचे इंजिन शेडमधून संग्रहालयाच्या अंगणात नेत. वाट आमच्या पेठेतून. पेठेत गाड्यांना बंदी, सगळे पायी चालणारे, पण फरशीत रूळ अजून तसेच. बॉयलर इतका लांब, की ड्रायव्हरला समोरचे काही दिसत नाही. म्हणून भावजी इंजिनापुढे, डाव्या अंगाला, ड्रायव्हरकडे तोंड करून, हिरवा झेंडा उंच धरून मागे मागे चालत. दोघांत कायदा एकच. हिरवे दिसते तोवर चालायचे, दिसेनासे झाले की जागच्या जागी ब्रेक. एरवी वर्षभर भावजी शेडमध्ये तेलपाणी करायचे, पण झेंड्याला इस्त्री दर आठवड्याला.

"घरातही असेच," जाऊ म्हणायची. "काम सांगितलं की मागे मागे."

गेल्या साली संग्रहालयाच्या साहेबांनी बोलावून सांगितले, "पुढच्या वर्षीपासून वॉकीटॉकी. झेंडा आता पुरे." भावजींचे जेवणावरून मन उडाले. झेंडा गेला तर आपल्याला कोण ठेवतो, हीच धास्ती. मग एका सकाळी उजळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"वहिनी, लोकांच्याच हातात झेंडे देऊ या. सगळी पेठ हिरवी झाली, तर साहेबाची छाती आहे का झेंडा काढायची?"

"देव तुमच्या मनासारखं करो," मी म्हणाले.

साहेबांना कल्पना पसंत पडली. ड्रायव्हरही खूश झाला. जावेने मशीन बडवून बडवून हिरव्या कापडाचा अख्खा तागा संपवला. तोंड चालूच होते, "आजवर एकाचं वेड पोसत होते, आता गावाचं."

इंजिन निघाले त्या दिवशी लोकांना अडवायला दोरी बांधलेली होती. पण झेंडे हलवायच्या हौसेने माणसे दोरीवरून पुढे झुकली. एकाने म्हाताऱ्या आईला नीट दिसावे म्हणून घडीची खुर्ची रुळात मांडली होती. इंजिन आले तशी आई उचलली, खुर्ची राहिली. उलटे येणाऱ्या भावजींची पोटरी तिला अडली. ते पाठीवर पडले आणि झेंडा अंगाखाली गेला.

"मी घाबरलो नाही, वहिनी," इस्पितळात ते मला म्हणाले. "म्हटलं, झेंडा दिसेना, आता थांबेलच. म्हणून पडल्या पडल्या खुर्ची ओढत बसलो. चाकाखाली येऊन कुणाच्या अंगावर उडाली असती."

इंजिन थांबले नाही. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला हिरवेच हिरवे हलत होते. माणसे किंचाळली, तेही त्याला कौतुकच वाटले.

डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. ड्रायव्हर खाटेपाशी येऊन रडला. "मला हिरवं दिसत होतं हो!"

"दिसणारच," भावजी म्हणाले. "मीच वाटलं होतं ना."

साहेब फळे घेऊन आले. "पब्लिकपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही," म्हणाले. भावजींनी मान हलवली. त्यांना खरेच बरे वाटले असावे.

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले. पाय घेतलास, निदान नोकरी राहू दे, एवढेच मागितले. देवाने तीही घेतली.

आज इंजिन पुन्हा निघाले. भावजींची खुर्ची आमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीशी ठेवली होती. खाली एक तरुण वॉकीटॉकीत बोलत, सरळ, पुढे तोंड करून चालला होता. इंजिन घराखाली आले तसा भावजींचा हात आपोआप वर गेला. हातात झेंडा.

संग्रहालयाचा माणूस धापा टाकत जिना चढून आला. "काका, ते आधी खाली घ्या. ड्रायव्हर गोंधळेल."

भावजींनी हात खाली घेतला.

"द्या इकडे," जाऊ म्हणाली. "बाकीच्या झेंड्यांची पायपुसणी केलीच आहेत, त्यातच जाईल. तुम्हाला एकाच पायाचं काम, जन्मभर पुरतील."

तो माणूस हसला. खालून इंजिनाची शिटी झाली. भावजींनी झेंडा मांडीवर पसरला, इस्त्रीच्या घडीवर घडी घातली आणि तिच्या हातात दिला.