धुतलेला डबा

आमच्या घरात मुलाखत म्हटलं की नोकरीची. मला आली ती तशी नव्हती. भौतिकशास्त्राच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेत एम.एस्सी.च्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने काम करायला घेतात, असं आमच्या विभागातल्या मॅडमनी सांगितलं. मी अर्ज भरला आणि ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. सोयगावला वडिलांना फोन केला. ते बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी विचारलं, पक्कं आहे का. मी नाही म्हणाले. मग पक्कं झालं की सांग, असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

मला तिथं जायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक मोठं उपकरण आहे, ते मी आल्यापासून बंद आहे. आम्ही त्याची आकृती काढतो आणि आकृतीला मार्क मिळतात. माझी आकृती चांगली येते. पण असं उपकरण चालू असताना कसला आवाज करतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते एकदा ऐकल्याशिवाय मी या विषयात पुढं शिकते आहे असं म्हणणं मला बरोबर वाटत नव्हतं.

मुलाखतीची तयारी माझ्या रूममेटनं करून घेतली. मी शिकायला आले त्या शहरात, क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आमची खोली आहे. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि तिच्या मते जगातल्या सगळ्या मुलाखती एकच असतात. ज्या खात्यात जायचं, त्या खात्याचा इतिहास पाठ पाहिजे. त्यामुळं मी भौतिकशास्त्र बाजूला ठेवलं आणि संस्था पाठ केली. सुरुवात कशी उसन्या जागेत झाली, पहिली यंत्रं तिथल्याच लोकांनी सुटे भाग जमवून कशी बांधली, आकाशातून येणारे कण मोजायला माणसं खाणीत खोल का उतरली. रात्री जेवताना ती मधेच विचारायची, "हां शास्त्रज्ञ बाई, खाणीतच का? गच्चीवर काय ऊन लागत होतं?" मी सांगायचे की वरच्या खडकात बाकीचे कण अडतात आणि जे अडत नाहीत तेच खाली पोचतात. ती म्हणायची, आमच्या परीक्षेसारखंच आहे.

त्या इतिहासात फुग्यांचा एक भाग होता. संस्थेचे शास्त्रज्ञ मोठाले फुगे सोडतात, फुग्याखाली उपकरणांचा डबा बांधतात. फुगा विमानांच्याही वर जातो, काम झालं की डबा पॅराशूटनं खाली येतो. कुठं उतरेल ते वाऱ्यावर. हे वाचून मी थांबले, कारण तसा एक डबा मी पाहिला होता.

माझं आजोळ पार लातूरकडं आहे. मी शाळेत असताना सुट्टीत तिथं गेले होते तेव्हा मामाच्या हरभऱ्याच्या रिकाम्या रानात तो पडला. मामा गावचा पोलीस पाटील. डब्यावर मराठीत चिकटवलेलं होतं की हे सरकारी वैज्ञानिक उपकरण आहे, हात लावू नये, पोलिसांना कळवावं. मामानं कळवलं, डबा बैलगाडीतून गावात आणला आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी संस्थेची माणसं ट्रक घेऊन आली. त्यांना डबा घेऊन लगेच निघायचं होतं. पण गावात पाहुणा सत्काराशिवाय जात नाही. सगळ्यांना फेटे बांधले, शाल-नारळ दिलं, सरपंच बोलले, मामा बोलला, मग पाहुण्यांना बोलायला लावलं. त्यातला एक जण काय बोलावं हे न कळून वातावरणाच्या थरांवर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो मामाच्या बैठकीत अजून आहे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी मामाला फोन केला. डब्यात नक्की काय होतं, विचारलं.

"काय असणार, जाळ्या होत्या बारीक बारीक. लई घाण झाल्या होत्या बघ. आम्ही सगळं उघडून धुऊन, पुसून दिलं. सरकारी वस्तू पाहुण्याच्या हातात तशीच मळकी द्यायची का?"

हात लावू नका असं लिहिलं होतं ना, मी म्हणाले.

"हात कुठं लावला? फडक्यानं पुसलं."

मग त्यानं मला एक काम सांगितलं. त्या डब्यातून काय निघालं, हे संस्थेनं गावाला आजवर कळवलं नाय. तेवढं विचार.

फोन ठेवल्यावर मी वाचत होते ते पान परत उघडलं. त्यात लिहिलं होतं की काही फुगे फार उंचावरच्या हवेतली धूळ गोळा करण्यासाठी सोडले जातात. धूळ जाळ्यांवर बसते. मी रूममेटला वाचून दाखवलं. ती म्हणाली की हे उद्या मुलाखतीत काढू नकोस.

मुलाखतीला स्क्रीनवर तिघं होते. संस्थेच्या इतिहासावर एकही प्रश्न आला नाही. त्यांनी प्रश्नात एक भरीव गोळा उतारावरून सोडला, मग त्याच्या जागी पोकळ गोळा सोडला, आणि आधी कोण पोचेल ते विचारलं. मी उत्तर बरोबर दिलं, पण त्यामागचं कारण चुकीचं सांगितलं. पुढच्या प्रश्नाला मला माहीत नाही म्हणाले. त्याच्या पुढच्याही. शेवटी त्या तिघांतल्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं की तुला आम्हाला काही विचारायचं आहे का. मला वाटलं, जागा तर गेलीच आहे, निदान मामाचं काम करावं.

मी म्हणाले, तुमचा एक डबा माझ्या आजोळी पडला होता. त्यातून काय निघालं?

त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. आतापर्यंत गप्प बसलेले वयस्क सर पुढं सरकले आणि मराठीत म्हणाले, "म्हणजे धुतलेला डबा तुमच्या गावचा?"

मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी बाकीच्या दोघांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्या दोघांनाही ती गोष्ट माहीत होती असं दिसलं. संस्थेत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगतात म्हणे. माझ्या पाठ केलेल्या इतिहासात ती नव्हती.

मग सरांनी विचारलं, "समजा तो डबा आज तुझ्यासमोर आहे. धुतलेला. काय करशील?"

मी विचार केला. धुतलं म्हणजे विहिरीचं पाणी लागलं, फडकं लागलं, साबण लागला असेल तर साबण. जाळीवर आता जे आहे त्यात हे सगळं आहे. मग हे वेगळं वेगळं तपासून त्यातून वजा करावं लागेल. असं मी अडखळत सांगितलं आणि विचारलं, "तेव्हा विहिरीचं पाणी आणलं होतं का?"

"नाही," सर म्हणाले. "आम्ही नारळ आणले."

त्यांनीच पुढं सांगितलं की पाणी आणलं असतं तरी फार उपयोग नव्हता, जाळ्या चोळून धुतल्या होत्या, धूळ गेली ती गेलीच. पण विचारायला हवं होतं. मग मुलाखत संपली.

पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचा मेल आला. मी वडिलांना फोन करून पक्कं झालं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, जेवणाची सोय आहे का. आहे म्हटल्यावर फोन चालू असतानाच त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगितलं की पोरगी सरकारी कामाला चालली.

मामाला सांगणं अवघड होतं. त्यातून काय निघालं हेच तो पहिलं विचारणार होता, आणि त्यानं तेच विचारलं. मी धूळ, जाळ्या, सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे आम्ही धुतली तीच पायजे होती त्यांना?"

"हो मामा."

"अन् फेटे बांधून घेतले, भाषणं केली, तरी एक माणूस बोलला नाय?"

मी म्हणाले, तुमचा मान राखला असेल. मामा म्हणाला, असा मान काय कामाचा. जेवणात मीठ कमी असलं तर पाहुण्यानं सांगावं. मग त्यानं विचारलं की तिथं मला तरी काही विचारलं का. मी विहिरीचं पाणी आणि फडकं तपासून वजा करण्याचं सांगितलं. व्हय का, एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

निघायच्या दोन दिवस आधी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी एक पिशवी आली. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते, आणि विहिरीच्या पाण्याची झाकण गच्च बसवलेली एक बाटली. सोबत बाटली पुसलेलं फडकं घडी करून ठेवलं होतं. मी मामाला विचारलं, हे आता तिथं कुणाला लागणार. तो म्हणाला, आपल्याकडून कमी नको.

मी लाडू रूममेटसाठी खोलीत ठेवले. बाटली आणि फडकं बॅगेत घेतलं आहे.